गाठ साधी होती, दादा

दादा, गाठ साधी होती.

हे मी तुला आधी तीनदा सांगितलंय. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी खोटं बोलत होते, म्हणजे आपण खोटं बोलतोय अशी माझी समजूत होती. पुढच्या दोन्ही वेळा खरं बोलले. तू मात्र तिन्ही वेळा तसाच हसलास, तिन्ही वेळा "बरं" म्हणालास, आणि तिसऱ्या "बरं"नंतर सोळाव्या दिवशी मेलास. मला खोटं पाडायचं म्हणून मेलास असं मी म्हणत नाही. पण माझा राग तेवढा समंजस नाही, तो तसंच म्हणतो.

काल तुझा दहावा झाला. नदीवर सगळी भावकी जमली होती. कावळा शिवेना. मग काय सुरू होतं ते तुला माहितीच आहे, एकेक जण पुढं येऊन हात जोडतो आणि मेलेल्या माणसाला शब्द देतो. शोभावहिनी म्हणाली, "आईंना मी अंतर देणार न्हाई." चुलते म्हणाले, तुझ्या पोरीच्या शिक्षणाचं आम्ही बघू. कुणी म्हणालं, शेवंतीचा प्लॉट पडू देणार नाही. समोर बाभळीवर चार कावळे बसलेले, एकही खाली उतरेना. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. धाकटी बहीण, लाडकी, हिच्यातच जीव अडकला असणार. मामा म्हणाले, "नंदा, तू बोल की काहीतरी." माझ्याजवळ तुला सांगायला एकच गोष्ट होती आणि ती तू तीनदा ऐकून सोडून दिली होतीस. मी नुसते हात जोडले आणि मागं सरले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तोच पिंडाला शिववला. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि चपला शोधायला लागले.

तर आता इथं बोलते. भांडगावात, तुझ्याच ओट्यावर बसून. ऐकायचं नसलं तरी आता उठून जायची सोय नाही तुला.

उन्हाळ्यापासून तू दमत होतास आणि ते तू सगळ्यांपासून चोरलंस. पाठीवर फवारणीचा पंप घेऊन दोन ओळी झाल्या की बांधावर बसायचास आणि वहिनीला सांगायचास, पट्टा काचतो. आषाढात मी आले तेव्हा तुझं तोंड बघून हबकले. अंगणातच तुला खाटेवर बसवलं आणि डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाल काही नव्हतंच. दुसऱ्या दिवशी चौफुल्यावरून एसटीत घालून तुला शिरूरला आणलं आणि आमच्या लॅबमध्ये तुझं रक्त मीच काढलं. चोपन्न वर्षांचा बाप्या तू, सुई बघून तोंड फिरवलंस. हिमोग्लोबिन सहा आलं. मशीनच बिघडलं म्हणून मी दुसऱ्यांदा लावलं, पुन्हा सहा. मी तुझ्यावर ओरडले, "एवढ्या रक्तावर माणूस चालतो कसा रे?" तू म्हणालास, "सावकाश चालतो." माझ्या हाताखालच्या पोरी खुदकन हसल्या. मीही हसले. माझ्या ओरडण्याला तू कधी भ्याला नाहीस. तू भ्यायचास ते मी गोड बोलायला लागले की.

दौंडला दुर्बीण घातली. जठराच्या भिंतीत आंब्याएवढा फुगवटा आणि त्याच्या मधोमध खड्डा. रक्त तिथून झिरपत होतं, महिनोन्महिने, थोडं थोडं. त्यांनी चिमट्यानं तुकडे घेतले. रिपोर्टमध्ये काय आलं? वरची कातडी सुजलेली आहे, बाकी काही नाही. सारवलेल्या भिंतीत दगड असावा आणि आपण वरून नखानं सारवण खरवडून बघावं, तसं ते झालं होतं. गाठ कातडीच्या खाली होती, चिमटा तिथपर्यंत पोचलाच नव्हता. मग सीटी स्कॅन केला. त्यात ती गाठ पूर्ण दिसली, आणि तिच्या आजूबाजूला आणखी चार-पाच बारक्या गाठी सुजलेल्या दिसल्या.

डॉक्टर नीट बोलले होते, दादा. त्यांना मी दोष देणार नाही. ते म्हणाले, "मला खात्री नाही. जठराच्या भिंतीत साध्या गाठीही होतात, क्वचित होतात. पण बहुतेक वेळा अशा गाठी साध्या नसतात. पुण्याला जाऊन सुईनं आतला नमुना घ्या. तोवर नाव घेऊ नका." मी त्यातलं एवढंच ऐकलं की बहुतेक वेळा साध्या नसतात. वीस वर्षं लॅबमध्ये काढली ना मी. कागदावर 'शक्यता' लिहिलेलं असलं की त्याचा अर्थ काय असतो हे मला कळतं, असा माझा माज होता. वहिनी माझ्या तोंडाकडं बघत होती आणि मी मान हलवली. अजून कुठल्याही काचेवर त्या गाठीची एक पेशी गेली नव्हती, पण मी मान हलवून तुला कॅन्सर देऊन टाकला.

हे सगळं बोलणं चाललं होतं तेव्हा तू बाहेर होतास. मीच तुला म्हटलं होतं, "दादा, तू समोर चहा घेऊन ये, आम्ही कागदाचं बघतो." चहाला माणसाला किती वेळ लागतो? तू पाऊण तास लावलास. आम्ही बाहेर आलो तर तू टपरीच्या बाकावर रिकामा ग्लास घेऊन बसलेला, आणि आम्हाला बघितल्यावर म्हणालास, "झालं का ठरवून?" मी तेव्हा ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आता ते कानातून जात नाही.

कारण ते बाहेर पाठवणं मी तुझ्याकडूनच शिकले होते. आबांच्या वेळी. मी अकरावीला होते, तू पंचविशीचा. आबांच्या जठराचं दुखणं निघालं तेव्हा तूच त्यांना उसाचा रस प्यायला पाठवलंस आणि डॉक्टरांना हात जोडून म्हणालास, म्हाताऱ्याला कळू देऊ नका. घरी येताना अर्धा किलो जिलबी आणलीस. आबांच्या पुढ्यात पुडा सोडलास आणि म्हणालास, "साधी गाठ हाय, आबा. काढली की झालं." आबा म्हणाले, "खरं?" तू त्यांच्या गळ्याला हात लावलास. "तुमची शपथ." मी दारात उभी राहून जिलबी खात होते आणि मला वाटत होतं, माझा भाऊ किती मोठा आहे. मग आबांना उघडलं, काही करता येण्यासारखं नव्हतं म्हणून तसंच बंद केलं, आणि तीन महिन्यांत ते गेले. गावात लोक म्हणाले, चाकू लागला, हवा लागली, म्हणून पसरलं. तूही तेच मानलंस. मी लॅबचं शिकले तरी तुझ्या डोक्यातनं ते काढू शकले नाही.

आणि आबा गेल्यावर आईनं तुला सांगितलं होतं की त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "पोरगं खोटं बोलतंय, पर बोलू दे, त्याला बरं वाटतंय," असं ते आईला म्हणाले होते. तू त्या दिवशी विहिरीच्या कडेला बसून रडलास. मी पाणी घेऊन आले तर म्हणालास, "म्हातारा माझ्यासाठी गप ऱ्हायला, नंदे." इतकं सगळं तुझ्या-माझ्यात झालेलं असताना दौंडहून घरी येताना जीपमध्ये मी तुला काय म्हणाले? "साधी गाठ आहे, दादा. काढली की झालं." शब्दन् शब्द तोच. मला दुसरं वाक्य सुचलं नाही. आपल्या घरात ह्या प्रसंगाला तेवढं एकच वाक्य आहे.

तू हसलास. "बरं," म्हणालास, आणि वरवंड येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसलास.

गाठ काढायच्या आधी आम्लपित्ताची तपासणी लागते, असं सांगून मी तुला पुण्याला नेलं. तिथं दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफी असते, तिच्यातून सुई गाठीत खोल घालतात. तू शुद्धीवर आल्यावर विचारलंस, "आम्लपित्ताला एवढी मोठी सुई?" मी म्हणाले, "हल्ली असंच असतं." तेव्हाही मी गोड बोलले, बघ. एरवी मी म्हणाले असते, गप पड की जरा.

नमुना लवकर कळेना. पहिल्या रिपोर्टात लिहिलं होतं, लांबट पेशी आहेत, तीन-चार प्रकारच्या गाठी अशा दिसू शकतात, खास रंग लावून बघावे लागतील. दोन आठवडे गेले. त्या दोन आठवड्यांत मी तुझं मरण पाठ करून ठेवलं. वहिनीला कुणी सांभाळायचं, आईला कसं सांगायचं, सगळं. गौरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी पुण्याचा रिपोर्ट आला, आणि काचाही मी मागवून घेतल्या होत्या, त्या आल्या. आमच्या डॉक्टर मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिलं. मी शेजारी उभी. मग म्हणाल्या, "नंदा, बस. तू पण बघ."

मी पाहिलं, दादा. तुझ्या पोटातलं मी डोळ्यानं पाहिलं. जांभळट, लांब, निमुळत्या पेशी, एका अंगाला विंचरून ठेवलेल्या. कशाची घाई नाही, कुठं दाटी नाही. वाईट पेशी मी आयुष्यभर काचेवर बघत आलेय, त्या अशा शांत नसतात. मॅडमनी समजावलं. नसांवर एक आवरण असतं, त्या आवरणातून उठलेली ही गाठ. श्वानोमा म्हणतात. जठरात फारच क्वचित होते, त्यांनीही आजवर एकच पाहिली होती. दोन रंग लावले होते, जो चढायला हवा होता तो तपकिरी चढला होता, जो चढला असता तर काळजी होती तो चढलाच नव्हता. आणि शेजारच्या त्या सुजलेल्या गाठी? त्याही ह्या आजारात दिसतात, म्हणाल्या, त्यांच्यात काही नसतं. "पण काढायला हवी लवकर. मधला खड्डा रक्त सांडतोय. काढली की विषय संपला."

मी लॅबच्या मोरीत जाऊन रडले. मग पेढे घेतले आणि तशीच एसटीत बसले. न्हावरं, पारगावचा पूल, केडगाव, सगळ्या वाटेवर मी मनातल्या मनात तुला शिव्या घालत होते, मला काय घाबरवलंस म्हणून. त्या शिव्या तशाच येऊन तुला घातल्या असत्या तर तू आज जिवंत असतास. हे मी उगीच म्हणत नाही. "ऊठ रे आळशा, साधी गाठ निघाली, चल उद्या दवाखान्यात," असं मी नेहमीच्या आवाजात खेकसले असते तर तू ताडकन उठला असतास. पण दारात तुला बघितलं आणि त्या सगळ्या शिव्या विसरले. मी तुझ्यापाशी बसले. तुझा हात हातात घेतला. जन्मात कधी घेतला नव्हता. पुडा सोडला आणि म्हणाले, "दादा, साधी गाठ आहे रे."

तू आधी पेढ्यांकडं बघितलंस आणि मग माझ्याकडं. मला त्या क्षणी कळलं नाही, बस परत पारगावच्या पुलावर आली तेव्हा कळलं की मी तुझ्यापुढं जिलबी ठेवली होती.

"बरं," हसून म्हणालास. एक पेढा खाल्लास, एक आईला दिलास. "मंग आता कापायची कशाला? साधी हाय तर राहू दे की."

"रक्त जातंय तिच्यातून."

"आबांनाबी असंच काहीतरी सांगितलं व्हतं मी."

वहिनी उठून आत गेली. मी रिपोर्ट काढला. तू तो हातात घेतलास, इंग्रजी कागद उलटसुलट केलास आणि घडी घालून परत दिलास. म्हणालास, "कागद करणं तुझ्याच हातात हाय." मी म्हणाले, अरे हा पुण्याचा आहे, माझ्या लॅबचा नाही. तू म्हणालास, "लॅबवाले समदे एकच." मी म्हणाले, चल, पुण्याच्या डॉक्टरांना विचार तोंडावर. तर म्हणालास, "त्यास्नी तुम्ही आधीच सांगून ठेवलं असंल." आणि दौंडच्या डॉक्टरांना, तुला काही कळू देऊ नका म्हणून, मी खरोखरच सांगून ठेवलं होतं. एकेक दार मी माझ्या हातानं बंद केलं होतं आणि आता तुला म्हणत होते, ये की बाहेर.

तिसरी वेळ आबांच्या पित्राची. तुला आठवत असेल ना? आबांचं ताट वाढून झालं होतं, पाहुणे जेवून गेले होते, तू पडवीत भिंतीला टेकून बसलेला. मी तिथं सगळं ओकून टाकलं. म्हणाले, "दादा, दौंडला आम्हाला वाटलं होतं कॅन्सर. म्हणून खोटं बोललो. पण तो नाही. आता बोलतेय ते खरं बोलतेय."

"म्हंजी तवा खोटं बोलत व्हतीस."

"हो."

"आन् आता खरं."

"हो."

"तवाबी तू हेच म्हणली व्हतीस की, साधी हाय म्हणून."

मी आबांच्या ताटाला हात लावून शपथ घेतली. तू बघत राहिलास. मग अगदी मायेनं म्हणालास, "मीबी घेतली व्हती, नंदे. जाऊ दे. तू तरास करून घेऊ नको." आणि हसून, "बरं. हाय साधी. पितरांच्या पंधरवड्यात कापाकापी नको आन् पुढं दसऱ्याची फुलं हायेत. दिवाळी झाली की बघू." मी ओरडले तुझ्यावर, खूप ओरडले, ताट वाजवलं, आई आतून विचारायला लागली काय झालं. पण तोवर उशीर झाला होता. एवढ्या गोड बोलण्यानंतरचं ओरडणं तुला रडण्यासारखंच वाटलं असणार.

तू आबा झाला होतास, दादा. माझं खोटं मला बोलू देत होतास, मला बरं वाटावं म्हणून. इतका चांगला होतास तू. तुझ्या चांगुलपणाचा मला इतका संताप येतो की काल तुझ्या फोटोचा हार सरळ करताना मी तो जरा जास्तच जोरात ओढला.

आणि आता ते सांगते जे मी वहिनीलाही सांगितलेलं नाही.

दौंडला तुला रक्त चढवलं आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा तू मला फोन करून लाजत विचारलं होतंस की संडासला काळी होतीय, काय करू. मी लॅबमध्ये होते, समोर रांग होती. मी नेहमीच्या आवाजात खेकसले, "गोळ्यांनी होते काळी. सगळ्यांची होते. सारखं काय विचारतोस?" ते तेव्हा खरंही होतं. पण गोळ्यांची काळी वेगळी आणि रक्ताची वेगळी. रक्ताची डांबरासारखी चिकट असते, वास मारते. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. तुला सांगायचं राहिलं. शेवटचे चार दिवस तुला तसलीच होत होती, वहिनीनं विचारलं तर तू म्हणालास, "नंदानं सांगितलंय, गोळ्यांनी व्हतं." माझ्या सगळ्या बोलण्यातलं तेवढं एकच तू खरं धरलंस. कारण ते मी गोड बोलले नव्हते.

दसऱ्याला चार दिवस होते. सकाळी झेंडू तोडायला बायका आल्या होत्या, तू क्रेट उचलायला वाकलास आणि तिथंच बसलास. वहिनी सांगते, कपाळ गार पडलं होतं आणि घाम धारेनं वाहत होता. गाडी वरवंडच्या पुढं गेली आणि तू वहिनीला म्हणालास, "नंदाला लगीच सांगू नको. ती कामावर असंल." पाटसच्या आत सगळं संपलं. मला फोन आला तेव्हा मी खरंच कामावर होते. एका म्हातारीचं रक्त काढत होते आणि तिचा मुलगा तिच्या मागून मला खुणा करत होता, हिला काही सांगू नका म्हणून.

तू तयारी करून गेलास हे नंतर एकेक करून कळलं. वहिनीला मोटारीचा स्टार्टर टाकायला शिकवलास, ठिबकचा कुठला कॉक कुठल्या वाफ्याचा ते तिच्याकडून घोकून घेतलंस. तळेगाव ढमढेऱ्याच्या ज्या दोस्ताशी तू सहा वर्षं बोलत नव्हतास, त्याच्या घरी जाऊन जेवून आलास. तो परवा येऊन पोरासारखा रडला. आणि मला पित्राच्या संध्याकाळी चौफुल्यावर सोडायला आलास, तेव्हा एसटीची वाट बघत एकदम म्हणालास, "तुला शिकवलं ते लई बरं केलं." मी म्हणाले, "काय कामाचं ते शिक्षण, घरच्या माणसाला पटत नाही." तू हसलास. आबांशी महिनाभर भांडून तू मला दौंडला कॉलेजात घातलंस. पावसाळ्यात तुझ्या लुनाच्या मागं बसून मी प्रॅक्टिकलला जायचे आणि तू बाहेर तीन तास उभा राहायचास. तू नसतास तर मला एक रिपोर्ट वाचता आला नसता. निरोप घेत होतास तू, आणि मला वाटलं कौतुक करतोयस. बसमध्ये जागा मिळाली म्हणून मी मागं वळूनही पाहिलं नाही.

तेरावा झाला की शिरूरला जाईन. मॅडम म्हणाल्यात, सावकाश ये. पण जायच्या आधी कालचं तुला सांगायलाच हवं, कारण ते मी तुझ्या जिवावर केलंय.

दहाव्याहून आलो. आई मधल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेली. तू गेल्यापासून ती अशीच होती, दहा दिवसांत तिच्या पोटात चार घास गेले नसतील. तिला आम्ही शेवटपर्यंत आम्लपित्त म्हणूनच सांगितलं होतं. मी तिच्या पायाशी बसले. तिनं तोंड न फिरवता विचारलं, "नंदे, खरं सांग. आम्लपित्तानं कुणी मरत न्हाई. त्याला तुझ्या आबाचंच दुखणं व्हतं ना?"

वहिनी दारात उभी होती. तिला खरं माहीत आहे. तिच्या पदराचं टोक तिच्या तोंडात गेलं. रिपोर्ट माझ्या पर्समध्ये होता, हाताच्या अंतरावर. तुझ्या कपाळाची शपथ, मी खरंच बोलणार होते. इतकं झाल्यावर तरी ह्या घरात कुणी खरं बोलावं असं मला वाटत होतं. मी म्हणणार होते की नाही आई, गाठ साधी होती, तास-दोन तासांचं ऑपरेशन होतं, तुझा मुलगा अजून वीस वर्षं जगला असता. त्यानं ऐकलं नाही, कारण आम्ही त्याच्याशी आधी खोटं बोललो होतो, आणि आम्ही ते त्याच्याकडून शिकलो, आणि तो आबांशी बोलला तेव्हा तूही गप्पच होतीस. मी हे सगळं तोंडात जुळवलं. तिचा पाय माझ्या हातात होता. गार, काडीसारखा.

मी म्हणाले, "हो आई. तेच होतं."

तिनं पाय हळूच जवळ ओढून घेतला. मग कूस बदलून माझ्याकडं वळली.

"मंग विलाज नव्हता म्हण की."

"नव्हता, आई."

"त्याला ठावं व्हतं?"

"नाही. आम्ही कळू दिलं नाही."

"बरं केलंत," म्हणाली. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि झोपली. मी किती गोड बोलले होते, दादा, तू असतास तर पहिल्याच शब्दाला मला पकडलं असतंस. तिनं पकडलं नाही. तिनं एकदाही माझ्या डोळ्यांत बघितलं नाही, शपथ मागितली नाही, कागद मागितला नाही. लगेच विश्वास ठेवला.

आज सकाळी तिनं आपण होऊन भाकरी मागितली. अर्धी खाल्ली. वहिनीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं नाही, आणि आईला दूध हवं का विचारायला उठले.